सर्वांसाठी सुरक्षित

छापखान्याच्या काउंटरवर दोघांचे हात एकाच वेळी एकाच कागदावर पडले, आणि दोघांनीही ते एकाच वेळी मागे घेतले. कागद मात्र जमिनीवर गेला. तो उचलायला ती वाकली, तोही वाकला. आणि त्याच्या बाहीतून लिंबाच्या सालीचा, पुदिन्याचा, लवंगेचा असा दरवळ आला की ती कशासाठी वाकली होती, हेच क्षणभर विसरली.

ती तिथली मुद्रितशोधक. छापखान्यातले सगळे तिला ‘काना-मात्रा’ म्हणत.

“साबण करता तुम्ही?”

“साबण, आणि घरात दरवळायला तेलं. कसं ओळखलंत?”

“ओळखायचं काय त्यात? तुमच्या आधी तुमचा वास आत आला.”

तो हसला. तिने बाटलीच्या लेबलचा मसुदा पुढे ओढला. “‘सुरक्षीत’ नाही, वेलांटी पहिली. ‘नैसर्गीक’लाही पहिली.”

“दोन्ही चुकल्या? मग मला पुन्हा यावं लागेल...”

“कशाला? दुरुस्त तर मी इथेच केल्या.”

“म्हणूनच. आता नव्या चुका करून आणायला हव्यात.”

तिने मान खाली घालून ‘तपासले’ लिहिले, सही केली. कागदावर आता निर्दोष अक्षरांत होते – ‘संपूर्ण नैसर्गिक. घरातील सर्वांसाठी सुरक्षित.’ जाताना त्याने एक छोटी बाटली तिच्यापुढे ठेवली आणि निघून गेला.

शनिवारी दुपारी तिने त्या तेलाचे दहा थेंब वाफेच्या यंत्रात टाकले, खिडक्या लावल्या आणि डोळे मिटून पडून राहिली. खोली हळूहळू एखाद्या बागेसारखी झाली. उशाशी तिची मांजर निजली होती. तिच्या पाठीवरचे पट्टे कुणी घाईघाईने शब्द खोडावेत तसे, म्हणून तिचे नाव ‘खाडाखोड’.

तासाभराने बाहेरच्या खोलीतून तिच्या आत्याची हाक आली, “अगं, हिच्या तोंडातून लाळ का गळतेय? आणि चालताना झोकांड्या बघ कशा जातायत!”

यंत्र बंद झाले, खिडक्या उघडल्या. मांजर आणि बाटली दोन्ही घेऊन त्या दवाखान्यात धावल्या.

“नैसर्गिक आहे हो हे, डॉक्टर...”

“विंचूही नैसर्गिकच असतो,” डॉक्टरीणबाई सुईत औषध भरत म्हणाल्या. “आपल्या यकृताला ही तेलं झेपतात, मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. त्यात हवेतले थेंब अंगावर बसतात, आणि ती दिवसभर अंग चाटते. दोन दिवस राहू दे इथे. आत्ताच काही सांगत नाही.”

सोमवारी तो आला. दुसऱ्या लेबलात मुद्दाम पाच चुका करून.

ती हसली नाही. “‘सर्वांसाठी’ म्हणजे कोणाकोणासाठी?”

“म्हणजे... सगळ्यांसाठीच.”

“माझी मांजर दवाखान्यात पडली आहे. तुमच्या सगळ्यांत ती नव्हती.” तिने पहिला मसुदा पुढे सरकवला. “आणि मी वेलांट्या बघत बसले. शब्द खरा आहे का, ते विचारलंच नाही. सही माझीच आहे खाली.”

तो वळून थेट छपाईच्या यंत्रापाशी गेला आणि आपल्या लेबलांची चालू छपाई थांबवली. परत आला तेव्हा हातात कोरा कागद होता. त्याने लिहिले – ‘घरात मांजर असल्यास वापरू नये.’

“याच्यात चूक आहे?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग... तिला बघायला येऊ?”

“तुम्ही? तुम्ही तर चालती-बोलती बाटली आहात!”

खाडाखोड वाचली. घरी आली, खाऊ लागली. पण दार त्याला बंदच राहिले. मग त्याने ते काम पद्धतशीर हाती घेतले. कारखान्याचे कपडे कारखान्यात ठेवू लागला, स्वतःसाठी बिनवासाचा साबण केला, केसांचे तेल आणि कपड्यांचे सुगंधी द्रव्य सोडले. दर गुरुवारी संध्याकाळी तो जिन्याखाली उभा राहायचा. ती खाली यायची, त्याच्या कॉलरशी नाक न्यायची आणि निकाल सांगायची.

“अजून लवंग.”

“कुठे?”

“कानामागे... डाव्या.”

पुढच्या गुरुवारी पुदिना, मनगटावर. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

“काय निघालं?”

“काही नाही.”

“मग इतका वेळ?”

“खात्री... करत होते.”

दार आत्याने उघडले. “लोक भेटायला अत्तर शिंपडून येतात, आणि हा बघा! उकळून वाळत घातल्यासारखा आलाय. ये बाबा, ये.”

तो जमिनीवरच बसला. खाडाखोडने त्याची बोटे एकेक करून हुंगली, जांभई दिली आणि त्याच्या मांडीला पाठ टेकून निजली. त्याने डोळे मिटले.

“इतकी वर्षं नाकावर पोट भरलं, पण स्वतःच्याच वासात बुडालेलो. दुसऱ्याच्या घराचा वास आजच आला.”

“कसला आहे?”

“उन्हात तापलेल्या उशीचा... कागदाचा... थोडा मांजरीचा. आणि तुमचा.” त्याने डोळे उघडले. “हा बाटलीत नाही भरता यायचा. मी इथेच राहिलो तर?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

तिने त्याच्याकडे पाहिले. छापायला सोडण्याआधी शेवटचा हात फिरवताना पाहावे, तसे.

“शेवटचा ‘तर’ काढा,” ती हळूच म्हणाली, “आणि ते प्रश्नचिन्हसुद्धा.”