पाच टोपल्या गाळ

लांबून पाहिलं तर तो माणूस जमिनीशी कुस्ती खेळत होता. डोक्याला टोपी, गळ्यात मोबाइल, दोन्ही हातांत लोखंडी सळई. सळई वीतभर आत जाऊन अडकलेली, खाली जाईना, वर येईना. पौषातली थंड सकाळ, हरभऱ्यावर आंबट दवाची आंब धरलेली, आणि हा गडी घामानं निथळतोय…

ज्योत्स्ना खुरपं घेऊन जवळ गेली. "काय करून राह्यले?"

"मातीची खोली मोजतोय, ताई."

"बांधावर?"

त्यानं मोबाइल पुढे केला. नकाशात लाल ठिपका होता आणि तो बरोबर त्या ठिपक्यावर उभा होता. वीस सेंटिमीटरवर मुरूम लागला, असं त्यानं वहीत लिहूनही टाकलं होतं.

"मुरूम न्हाई तो," ती म्हणाली. "दगड हाये. माझ्या बापानं लावलाय." तिनं त्याच्या हातातली सळई घेतली, डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि अलगद उपसून त्याला परत दिली. "दगडाशी जोर करायचा न्हाई, सर."

तो हसला. ओशाळून हसला. तेवढ्यावर ती परत फिरली असती, पण त्याच्या तळहातावरचे फोड तिला दिसले आणि पाय जरा थांबले.

त्याचं नाव कल्याण. राजूरच्या पलीकडच्या गावचा, शेतकीची पदविका झालेला. इथं सावरबर्डीत वरच्या गल्लीला त्याची मावशी उषाबाई दिलेली होती, तिच्याकडे मुक्काम. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला तीन महिन्यांच्या कराराने घेतलं होतं. कंपनी गायरानावर झाडं लावणार होती. झाडांनी मातीत कर्ब साठवायचा आणि त्या कर्बाचे कागद, म्हणजे कार्बन क्रेडिट, कंपनीनं परदेशात विकायचे. त्यासाठी आधी दाखवावं लागतं की जमीन आज उघडीबोडकी आहे, माती उथळ आहे, तिच्यात काहीच नाही.

आणि त्या 'काहीच नाही'वर अकरा घरं जगत होती. खालच्या वस्तीतली, बौद्धांची. तीन पिढ्या गायरान कसत होती, पण सातबाऱ्यावर त्यांच्या नावाचं एक अक्षर नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत गायरान कंपनीला द्यायचा ठराव येणार होता, आणि ठरावाला जोडायचा होता कल्याणचा तक्ता. तक्त्यात 'उथळ, पडीक' असं आलं की अकरा घरं उठली. ज्योत्स्नानं बी.एस्सी. करून, बाप गेल्यावर परत येऊन, त्या जमिनीत हात घातले होते. तिला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशीही ती बांधावर गेली. असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुसरा ठिपका बांधावर. तिसरा बांधावर. चौथा हद्दीच्या धोंड्यावर.

"तुमच्या नकाशाला दगडच आवडतात का हो, सर?"

कल्याणचा चेहरा उतरला. चाळीस ठिपके होते आणि त्यानं सगळे तपासले, तर एकही वावराच्या मध्यावर नव्हता. त्यानं कंपनीच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, ठिपके दिलेत तिथंच मोज. तुझं डोकं चालवायला घेतलेलं नाही तुला.

फोन झाल्यावर त्यानं वहीतली मुरमाची नोंद खोडली. मग सळई उचलली आणि तिच्या हरभऱ्याच्या वावरात मधोमध जाऊन उभा राहिला. "इथं टाकू का?"

"इच्यारता कशाला?"

"ज्याची जमीन त्याला इच्यारून घ्यावं म्हणलं."

आजवर गावातल्या कुणीही, तलाठ्यानंसुद्धा, तिला हे विचारलेलं नव्हतं. तिनं मान खाली घातली… हलकेच डोलावली.

सळई गेली ती गेलीच. वीत, हात, दीड हात… त्याच्या छातीइतकी लांब सळई मुठीपर्यंत आत गेली आणि तो वाकून तिच्याकडे बघत राहिला. मग गिरमिट घेऊन त्यानं थराथरानं माती काढली. वरची, मधली, खालची, प्रत्येकीला वेगळी पिशवी आणि वेगळी चिठ्ठी. सगळी काळी, चिकण, लोण्यासारखी. सत्तर सेंटिमीटरच्या थरात एक हिरवा तुकडा चमकला. काचेच्या बांगडीचा.

तिची आई चांगुणाबाई बांधावर तूर वाळवत होती. तिनं तुकडा बोटांत धरून उन्हात पाहिला. माझी असंल, म्हणाली, न्हाईतर माझ्या सासूची. मग तिनं सांगितलं. इथं मुळात मुरमाड होतं, कुसळसुद्धा उगवत नव्हतं. तळं आटलं की वस्तीतल्या बायांनी गाळ डोक्यावर आणायचा. आणि रीत अशी, की वस्तीत नवी सून आली की भाकरीला हात लावायच्या आधी तिनं पाच टोपल्या गाळ या जमिनीत टाकायचा. टोपली उतरवताना बांगड्या फुटायच्या. कोण वेचत बसतं?

कल्याणनं वहीत खोली लिहिली. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात 'बांगडी' लिहिलं.

त्या दिवसापासून त्यानं ठिपके सोडले. सगळं गायरान नव्यानं मोजायला घेतलं आणि टेपचं टोक धरायला ज्योत्स्ना. काम करता करता तो सांगायचा. थंड मुलखात दलदली असतात, तिथं गवत मेलं तरी कुजत नाही, थरावर थर साचतो, पुरुषभर, दोन पुरुष. हजारो वर्षांचा कर्ब त्यात कोंडलेला. तिथली माणसंसुद्धा अशीच सळई घालून खोली काढतात आणि नकाशा करतात. ते पाणथळ खणलं, सुकवलं, की सगळा धूर होऊन हवेत.

"आणि आमचं खणलं तर?"

"तुमचं… हजार वर्षांचं न्हाई. पन्नास-साठ वर्षांचं हाये. पण तिथं आपोआप साचलं. इथं डोक्यावर आणलंय."

तिनं हरभऱ्याचे डहाळे उपटून त्याच्यापुढे धरले. त्यानं घेतले आणि तळहाताच्या फुटक्या फोडांना आंब अशी झोंबली की तो हात झाडत उभाच राहिला. ती पोट धरून हसली. मग तिनं कळशीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं, हळूहळू, कळशी रिकामी होईपर्यंत. शेवटची ओंजळ तो प्यायला.

चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, हा माणूस आता 'ताई' म्हणत नाही. नावानंही हाक मारत नाही. नुसता घुटमळतो, खाकरतो, आणि मग बोलतो.

"वरच्या गल्लीत कळलं असंल, तुमी आमच्या कळशीतलं पाणी पेले ते," एकदा ती म्हणाली.

"कळलं."

"मंग?"

"मावशीनं माझा तांब्या ओट्यावर काढून ठेवलाय. म्हणली, तूबी भाईरच बस."

"मंग?"

"मंग काय… भाईर हवा चांगली लागती."

ती हसली नाही. असल्या तांब्यावर तिला हसू येत नव्हतं. तिच्या आज्याला त्याच गल्लीत ओंजळीनं पाणी पाजलेलं होतं, वरून, लांबून. पण हा माणूस ओट्यावर बसून राहिला, पळाला नाही, हे तिनं मनात ठेवलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना जिलबी वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. पुण्याचा साहेब खुर्चीवर. ज्योत्स्ना बायांत, पहिल्या रांगेत. कल्याणनं आदल्या दिवशी तिला काहीच सांगितलं नव्हतं. साहेबानं गाडीत बसवून त्याच्याशी तासभर बोलणं केलं होतं, एवढं मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. नोकरी पक्की करतो म्हणाला, असंही कुणी कुणी सांगत होतं.

कल्याण उठला. तक्ता उलगडला. एकेक वावर, कसणाऱ्याच्या नावासकट वाचू लागला. नागसेन, नव्वद सेंटिमीटर. भिवा, पंच्याऐंशी. चांगुणाबाई, एकशे दहा. "माती बाहेरून आणलेली आहे, हातांनी. तपासणीत सेंद्रिय कर्ब गावातल्या बागायतीपेक्षा जास्त आलाय. ही जमीन पडीक नाही."

साहेबानं विचारलं, दिलेले बिंदू कुठंयत?

"बांधावर होते, साहेब. दगडात कर्ब नसतो."

ठराव फेटाळला वगैरे गेला नाही. तसं कुठं होतं? पुढच्या सभेवर ढकलला. पण तक्त्याची सही केलेली प्रत वस्तीच्या हातात पडली, आणि असला कागद वस्तीच्या हातात पहिल्यांदाच पडला होता. साहेबानं तिथल्या तिथं कल्याणकडून मोबाइल, गिरमिट, पिशव्या काढून घेतल्या. सळई तेवढी राहिली, ती त्याची स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होता. ज्योत्स्ना गेली. चार लोक बघत होते, बघू दे.

"चालले?"

"जुन्या जालन्यात बियाण्याच्या दुकानात लागतोय." तो घुटमळला, खाकरला. "तळं कधी आटतं तुमचं?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "चैत्र सरता सरता," ती म्हणाली.

गाडी आली, गेली.

त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. तिनंही केला नाही. आई काही विचारत नव्हती, फक्त रोज तळ्याकडे बघून सांगायची, पाणी अजून गुडघाभर हाये. घोटाभर हाये. वैशाख लागला आणि तळ्याला काठाकाठानं भेगा पडल्या, मधे नुसता चिखल राहिला.

सकाळच्या गाडीनं तो आला. उषाबाईच्या ओट्यावर पिशवी टाकली आणि सरळ तळ्यात उतरला, तिथं वस्तीतल्या बाया गाळ भरत होत्या. चांगुणाबाईपुढे उभा राहिला. "मावशी, मला ज्योत्स्नाला मागायचं हाये. घरून कुणी येणार न्हाई. म्हणून मीच आलो."

बायांची फावडी थांबली. चांगुणाबाईनं त्याला खालून वर पाहिलं. मग रिकामी टोपली त्याच्यापुढे सरकवली. "रीत ठाव हाये का?"

"ठाव हाये. वहीत लिवलीय."

"सुनंची हाये ती. तुझ्या लोकायनी पाह्यलं तर?"

"पाह्यलंच पायजे."

ज्योत्स्ना पुढे झाली. गळ्यातली ओढणी काढून तिनं पिळली, तिची चुंबळ केली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. बोटं त्याच्या केसांत क्षणभर राहिली… जास्तच राहिली. "मान ताठ ठेवायची, सर," ती हळूच म्हणाली. "न्हाईतर पडती."

तळ्यापासून गायरानाला रस्ता एकच, वरच्या गल्लीतून. भर सकाळी, लोक दारात बसलेले, आणि डोक्यावर ओला गाळ घेऊन कल्याण चालला. काळं पाणी मानेवरून पांढऱ्या सदऱ्यात उतरत होतं. कुणी हसलं, कुणी थुंकलं, एकानं त्याच्या आडनावाची आठवण करून दिली. तो चालत राहिला. पहिल्या चार खेपांना उषाबाई दारात उभी होती. पाचव्या खेपेला दार बंद होतं, आणि पिशवी ओट्यावरून खाली, रस्त्यावर.

ज्योत्स्ना वावरात उभी राहून बघत होती. वळणावर तो दिसला. डोक्यावर टोपली, खांद्याला पिशवी, डोळे लाल. गाळानं की कशानं, हे तिनं विचारलं नाही. तो जवळ आला, थांबला, आणि त्याला टोपली उतरवता येईना. मान अवघडली होती.

"वाक," ती म्हणाली. "जरा वाक, कल्याण."

त्यानं गुडघे टेकले. तिनं टोपलीचा एक काठ धरला, त्यानं दुसरा, आणि दोघांनी मिळून ती जमिनीवर पालथी केली.