काचेवरचं कुंकू

"त्या रायफलीला हात लावायचा नाही!"

मृणाली भाटकरने शस्त्रागाराच्या दारातूनच आवाज चढवला. बाहेर परतीचा पाऊस तडतडत होता आणि ती खरं तर नुसती आडोशाला शिरली होती. पण आत बाकावर एक अनोळखी हवालदार तिची रायफल मांडीवर घेऊन बसला होता. हातात पेचकस, ओठांत एक बारीकसा स्क्रू… आणि चेहऱ्यावर अशी निवांत कळा, की जणू कुणी त्याला मटारची परात सोलायला दिली असावी.

त्याने सावकाश स्क्रू ओठांतून काढला. "रायफल सरकारची आहे, मॅडम."

"सरकार येतं का चालवायला? मी चालवते."

"म्हणजे तुम्हीच त्या भाटकर!" तो हसला. "मी शुभंकर कदम. खेडचा. तुमच्या नेमाच्या गोष्टी थेट पुण्याच्या ट्रेनिंगपर्यंत पोचल्यात."

आता कौतुक ऐकून विरघळेल ती मृणाली कसली! तिने पुढे होऊन रायफलीवरच्या त्या वस्तूकडे बघितलं. काड्यापेटीएवढी काळी चौकट, त्यात काच, आणि काचेत डोकावलं की मधोमध एक लाल ठिपका.

"रायफलीला टिकली लावलीत?"

"रेड डॉट म्हणतात. पण टिकली… टिकलीच बरं आहे."

"काढा. माझी माशी मला पुरे."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो इवलासा लोखंडी उंचवटा. मागच्या खाचेतून बघायचं, खाचेत माशी बसवायची आणि माशीवर निशाण. केळशीला बागेत डुकरं शिरायची तेव्हा तिच्या वडिलांनी, धाकू भाटकरांनी, शेती राखायच्या परवान्याच्या बंदुकीवर तिला नजर धरायला शिकवलं होतं. त्या नजरेच्या जोरावरच ती पोलिसांच्या सागरी पथकात आली होती. टिकली लावून कुणीही नेम मारायला लागला, तर मग भाटकरांच्या नजरेचं काय उरलं?

शुभंकरने निमूटपणे चौकट तिच्या रायफलीवरून उतरवली आणि शेजारच्या, स्वतःच्या रायफलीवर चढवली. पण जाता जाता म्हणालाच, "दसऱ्यानंतर चाचणी आहे. तेव्हा बघू."

चाचणीचं तिला ठाऊक होतं. निरीक्षक तोडणकर मॅडम त्या दिवशी ठरवणार होत्या, गस्तीच्या बोटीवर जुनी माशी राहणार की नवी टिकली येणार. आणि त्यात जो सरस ठरेल त्याला बोटीच्या नाळेवरची, अगदी पुढची जागा. त्या जागेवर आजवर एकही बाई उभी राहिली नव्हती. मृणालीला ती जागा हवी होती. नोकरीत आल्या दिवसापासून हवी होती.

मग रोज सड्यावरच्या, उघड्या कातळमाथ्यावरच्या नेमबाजीच्या रेंजवर दोघांची जुंपायला लागली. ती एक डोळा मिटून नेम धरायची आणि तो मागे उभा राहून जिभेला धार लावायचा.

"एक डोळा मिटला की जग अर्धंच दिसतं, भाटकर."

"मला हवं तेवढं दिसतं."

"टिकलीला दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. टिकलीकडे बघायचंच नाही, पलीकडे बघायचं. जे हवंय त्याच्याकडे." तो क्षणभर थांबला. "मी तेच करतो."

तिने वळून पाहिलं तर गडी खरंच तिच्याकडे बघत होता! तिचा पुढचा नेम चुकला. त्या आठवड्यातला पहिलाच. रागाने तिचे कान लाल झाले… रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

खंडेनवमीला शस्त्रागार झेंडूने भरून गेलं. जुने हवालदार भागोजीकाका पहाटेपासून रायफलींना तेलाचा हात फिरवत होते. समुद्राच्या हवेत लोखंड टिकवायचं तर तेलाला पर्याय नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. रायफली ओळीने मांडल्या आणि त्यांनी मृणालीला हाक मारली.

"चल गो बाय, हळदकुंकू तुज्याच हातचं. लक्ष्मीचा हात हाय तुजा."

मृणालीने हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. प्रत्येक रायफलीला एकेक बोट. शुभंकरच्या रायफलीपाशी आली आणि घोटाळली. हिला कपाळ कुठलं? वर ती चौकट, चौकटीला काच… तेच कपाळ! तिने काचेच्या ऐन मध्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. इतर रायफलींपेक्षा थोडं जास्तच जपून. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शुभंकर दारात उभा होता. त्याने पाहिलं. तोंड उघडलं… आणि मिटलं.

चाचणीच्या दिवशी उतरत्या दुपारी सगळं पथक सड्यावर जमलं. माशीवर भाटकर, टिकलीवर कदम. शुभंकरने सुरुवात अशी झोकात केली की नितेशसारखा मृणालीच्या बाजूचा कॉन्स्टेबलसुद्धा "आयला!" म्हणून गेला. तेवढ्यात एक सर आली, भुरभुरती, उनाड. शुभंकरने डोळे बारीक केले. पुढची गोळी बाजूला गेली. त्याच्या पुढची आणखी बाजूला.

मृणालीची मात्र एकही चुकली नाही. नितेशने तिच्या नावाने आरोळी ठोकली, मॅडमनी मान डोलावली. नाळेवरची जागा हाताच्या अंतरावर आली. "आता केळशीला फोन कर," कुणीतरी म्हणालं. तिने फोन काढलाही.

तेव्हा तिला शुभंकर दिसला. सगळ्यांकडे पाठ करून तो रुमालाने काच पुसत होता आणि रुमाल लालभडक झाला होता.

ती धावतच त्याच्याजवळ गेली. "हे… हे माझं कुंकू?"

"पावसात ओघळलं. लालात लाल, काय दिसणार?"

"तुम्हाला माहीत होतं! पुसलं का नाही?"

"राहून गेलं." तो रुमाल खिशात कोंबायला लागला. "जाऊ दे ना. जिंकलात तुम्ही. कुणाला कळायचं नाही."

"मला कळलंय ना!"

बस्स. भाटकरांचं रक्त उसळलं. आपल्या नेमाचा तिला अभिमान होता, पण तो आपल्या नेमाचा. दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर मिळालेला विजय ती बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार होती? तिने फोन खिशात टाकला आणि तरातरा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, कदमांची काच माझ्यामुळे खराब झाली. पूजेचं कुंकू मी काचेवर लावलं. ही चाचणी खरी नाही. पुन्हा घ्या."

भागोजीकाकांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी तिला नीट न्याहाळलं.

"भाटकर, जागा हातची जाईल, कळतंय ना? आणि आता अंधारून आलंय. उद्या घेऊ."

"जाऊ दे, मॅडम. पण आताच घ्या. समुद्रावर कुणी उद्या म्हणून थांबत नाही."

शुभंकरने काच स्वच्छ केली. या खेपेला त्याने अचूक नेम मारले. मृणाली आपल्या रायफलीमागे आडवी झाली, खाचेतून बघितलं… माशी कुठेच नव्हती. काळ्या ढगांखाली काळी नळी, काळं निशाण. तिचा आयुष्यभराचा नेम संधिप्रकाशाने गिळून टाकला होता.

ती उठली. हट्ट गिळणं सोपं नसतं, पण तिने तो मान ताठ ठेवून गिळला.

"कदम, तुमची रायफल द्या."

तो शेजारी गुडघ्यावर बसला. आवाज अगदी हलका. "दोन्ही डोळे उघडे… टिकली विसरा. पलीकडे बघा."

तिने दोन्ही डोळे उघडे ठेवले. बाप रे, केवढं दिसत होतं! अख्खा सडा, गवत, दूरचा समुद्र, आणि जिथे बघावं तिथे टिकली आपसूक जाऊन बसत होती. तिने श्वास धरला. एकेक करून सगळ्या गोळ्या निशाणाच्या पोटात गेल्या, आणि शुभंकरच्या गोळ्यांपेक्षाही एकमेकींच्या जवळ.

मॅडम स्वतः जाऊन निशाण बघून आल्या.

"खाऱ्या पाण्यात काच दगा देईल, अंधारात माशी. तेव्हा दोन्ही राहतील. काच गेली तर ती काढायची, खाली माशी आहेच. आणि नाळेवर…" त्यांनी वळून मृणालीकडे बघितलं. "नाळेवर भाटकर. नेम चांगला म्हणून तर आहेच. पण स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगणारी पुढे उभी असली, की मागचे निर्धास्त असतात."

नितेशच्या आरोळीने सड्यावरच्या टिटव्या उडाल्या. भागोजीकाका डोळे पुसत, बंदुकीच्या धुराने पाणी आलं म्हणून सांगत राहिले. आणि मृणालीने केळशीला फोन लावला तेव्हा पलीकडून धाकू भाटकर घसा खाकरून एवढंच म्हणाले, "पोरी, नाव काढलंस गो."

सगळे पांगल्यावर ती शुभंकरकडे आली. तो रायफली पेटीत ठेवत होता.

"आता खरं सांगा. पुसलं का नाही?"

"पूजेचं होतं…"

"बाकीच्या रायफलींचं पुसलंत."

पकडला गेला बिचारा! कानाची पाळी खाजवली, समुद्राकडे बघितलं, पेटी उगाच उघडून बंद केली.

"त्यावर तुमच्या बोटाचा ठसा उमटला होता," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही डोळे उघडे ठेवले की एवढ्याशा कुंकवाआडूनही निभतं. पाऊस आला नसता तर… नाहीच पुसवलं, मृणाली. हरलो असतो तरी चाललं असतं."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. एवढ्या जणांसमोर ताठ राहिलेली मान आता मात्र खाली झुकली. तिने त्याच्या खिशातून डोकावणारा लाल रुमाल ओढून घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला.

"अहो, तो माझा—"

"माझं कुंकू आहे त्यावर. मी नेणार." मग तिने मान वर करून थेट त्याच्याकडे बघितलं. "परत हवा असेल तर रविवारी केळशीला ये. बाबांना भेट."

"ते… बंदूक घेऊनच बसतात का?"

"बसतात. नेमही माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मग काय करू मी?"

"काही नाही," ती म्हणाली. "ते विचारतील, माझ्या पोरीत काय बघितलंस म्हणून. तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून खरं ते सांग. आज मी मॅडमसमोर सांगितलं तसं."