मळवलीच्या बंगल्यातली पांढरी प्रवाळं

वडगाव मावळच्या कोर्टासमोर तेजल ओव्हाळची खासगी तपासाची कचेरी आहे. रूपा तिथं आली तेव्हा महिपतीमामा वडापाव खात होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मामा तेजलला तपासात मदत करतात. निदान त्यांची तशी समजूत आहे.

"ताई, आमच्या ह्यांनी माशांच्या टाकीत औषध ओतलं म्हणत्यात," रूपाचे डोळे भरून आले. "सांजच्याला खोली खाली करायची हाये. पोरीची शाळा हितंच. जायाचं कुटं?"

रूपाचा नवरा बहिरू मळवलीच्या एका बंगल्याचा राखणदार. मालक उमेश कारखानीस पुण्यात राहतात. बंगल्याच्या दिवाणखान्यात त्यांची हौसेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. तिच्यात मासे आणि जिवंत प्रवाळं. दसरा झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच प्रवाळं पांढरीफटक पडली. बिल फाटलं बहिरूच्या नावावर.

तिघं मळवलीला पोचले तेव्हा बंगल्याच्या व्हरांड्यात बोचकी बांधून ठेवली होती. बहिरू त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसला होता.

"टाकीजवळ फिनेलची बाटली सापडली," पुण्याहून आलेले उमेश फणकारले. "दसऱ्यानंतर जास्तीची सुट्टी मागत होता. मी नाही म्हटलं, त्याचा राग काढला. अजून काय पुरावा हवा?"

"फरशी पुसायला आनलेली ती," बहिरू म्हणाला. "मी माशास्नी निस्तं खाणं टाकतो. पान्याला, दिव्याला हात लावायचा न्हाई, असं सायबांनीच बजावलंय. आन् खंडेनवमी-दसऱ्याला आमी गावी, औंढ्याला गेलतो."

तेजल टाकीसमोर उकिडवी बसली. मासे एकमेकांमागं पळत होते. वरच्या दगडावरची प्रवाळं पांढरी पडली होती, पण कपारीच्या सावलीतली मात्र चांगली तपकिरी-हिरवी होती. टाकीच्या काठावर पांढरी खरपुडी धरली होती.

"हे काय?"

"मीठ," गौरव म्हणाला. टाकीची देखभाल करायला तो लोणावळ्याहून येतो. "पाणी उडतं, वाळतं, मीठ बसतं. पाणी मी कालच तपासलं, एकदम ठीक आहे. दिव्याचं साहेब स्वतः बघतात."

टाकीवर लटकणाऱ्या दिव्याची काच लख्ख होती. कोपऱ्यात कुंकवाचं बोट.

"दिव्यालाही कुंकू! भाविक घर आहे हो," मामा कौतुकानं म्हणाले. मग तेजलच्या कानाशी लागले, "हा गौरवच. नवी प्रवाळं खपवायची असतील."

"मामा, जरा दम धरा."

उमेशच्या आई, लीलाबाई, नवरात्रापासून बंगल्यातच होत्या. तेजलनं विचारलं, "आजी, सण कसा झाला?"

"छान झाला गं! खंडेनवमीला एकही यंत्र सोडलं नाही मी. मिक्सर, मोटर, उमेशची गाडी, सगळं लखलखीत पुसलं, मग कुंकू लावलं."

तेजल उमेशकडे वळली. "दिव्याचा जोर किती ठेवलाय?"

"पूर्ण. सुरुवातीला निम्म्याहून कमी होता. पण पावसाळ्यात टाकी मंद दिसायला लागली. कॅमेऱ्यात बघून पुण्यातूनच फोनवरून वाढवत गेलो."

"काच बघितलीत कधी?"

"काचेचं काय?"

तेजलनं आतल्या सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं.

"फिनेल असतं तर मासे असे पळत नसते. आणि विष काही सावली बघून मारत नाही. कपारीतली प्रवाळं धडधाकट आहेत, म्हणजे हे काम उजेडाचं. प्रवाळांचा रंग म्हणजे त्यांच्या अंगातलं बारीक शेवाळ. उजेड सोसवेना झाला की ते निघून जातं."

"पण उजेड तर मी हळूहळूच वाढवला!" उमेश म्हणाले.

"फोनवर वाढवलात. टाकीत तो पोचतच नव्हता. जे मीठ काठावर बसलं तेच दिव्याच्या काचेवरही बसत होतं. तुम्ही जोर वाढवायचा, मिठानं तो अडवायचा. खंडेनवमीला आजींनी काच पुसली आणि पूर्ण जोर एकदम प्रवाळांवर पडला. कुंकवाचं बोट अजून तिथं आहे. बहिरू तर गावातही नव्हता."

"अगं बाई! म्हणजे मीच की काय?" लीलाबाई म्हणाल्या.

"आजी, काच पुसायलाच हवी होती. चूक झाली ती काच न बघता जोर वाढवण्याची."

मामांनी गौरवकडे बघून उगाच घसा खाकरला.

उमेशनी फोन काढून दिव्याचा जोर उतरवला. "वाचतील का रे?"

"जीव आहे अजून," गौरव म्हणाला. "सावकाश रंग धरतील."

उमेश व्हरांड्यात गेले. "बहिरू, चुकलं माझं. शहानिशा न करता बोललो. सामान आत घे."

बहिरू लगबगीनं उठायला लागला. रूपानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बोचकी तुमी बांधाया लावलीत सायेब. सोडा बी तुमीच."

मामा मदतीला पुढं सरसावले, तर तेजलनं त्यांची बाही धरली. उमेश फरशीवर बसले आणि पहिल्या बोचक्याची गाठ सोडायला लागले. रूपानं गाठ चांगलीच आवळलेली होती.