सारखेपणा म्हणजे नातं नव्हे

गोपिकाला तो माणूस पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. चांगली रुंद, पांढऱ्या शर्टातली आणि अजिबात हलायला तयार नसलेली पाठ.

सत्त्याहत्तर सालच्या श्रावणातली दुपार. बाहेर भुरभुर पाऊस आणि आत अजब बंगल्यात – नागपूरकर आपल्या वस्तुसंग्रहालयाला याच नावानं ओळखतात – प्राचीन इजिप्तच्या फोटोंचं प्रदर्शन लागलेलं. गोपिका ढोबळे काटोलची, संत्र्याच्या बागाईतदाराची मुलगी, शिकायला नागपूरच्या होस्टेलात. इतिहासाच्या एम.ए.ला होती आणि सरांनी या प्रदर्शनावर टिपण लिहून आणायला सांगितलं होतं. बंगला बंद व्हायची वेळ आली होती, आणि सगळ्यात मोठ्या फोटोसमोर ही पाठ!

“जरा बाजूले होता का?”

“एक मिनिट हं.”

एक मिनिट गेलं, दुसरं गेलं... गोपिका मुद्दाम खोकली. तेव्हा कुठे पाठ वळली. चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच होते. इतका वेळ हा माणूस त्यातूनच पाहत होता की काय?

“ही झाडं पाहिली?” त्यानं जुनी ओळख असल्यासारखं विचारलं. “साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या एका राणीनं पुंट नावाच्या देशात जहाजं पाठवली. धुपाची झाडं आणायला. हा पुंट म्हणजे आजचा सोमालिया असावा, असं पुष्कळ विद्वान म्हणतात. दोन्हीकडे झोपताना डोक्याखाली घ्यायचं लाकडी उसंसुद्धा सारखंच...”

“म्हणजे सोमाली अन् इजिप्तवाले नातेवाईक?”

“शक्य आहे.” तो थांबला. “सिद्ध नाही. सारखेपणा म्हणजे नातं नव्हे.”

गोपिकानं त्याला जवळजवळ कोपरानंच सरकवलं आणि फोटो पाहिला. भिंतीवर कोरलेली माणसं खांद्यावर काठ्या घेऊन चालली होती, काठीला टोपली आणि टोपलीत अख्खं झाड.

“हे तर झाड मुळासकट नेऊन राहिले,” ती म्हणाली. “आमच्याकडे संत्र्याची कलमं अशीच नेतात. खाली मातीचा गोळा ठेवून.”

“मग?”

“मग काय? नुसता धूपच पाहिजे असता, तर पोती भरून नेला असता. माती कोणी काहून वाहून नेईल? जे आपल्या अंगणात रुजवायचं असते, तेच मातीसकट नेतात.”

तो आता फोटोऐवजी तिच्याकडे पाहू लागला. मग त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. डोळे भलतेच निर्मळ होते, आणि गोपिकाच्या टिपणाची तिथेच वाट लागली.

मोरेश्वर गावंडे त्याचं नाव. नागपूरजवळच्या बेशाच्या शेतकऱ्याचा मुलगा, एका कॉलेजात नवाच लागलेला लेक्चरर. पुढे तो सीताबर्डीवर भेटला, जुन्या पुस्तकांच्या दुकानात भेटला, महाराजबागेत भेटला. सुरुवातीला योगायोगानं, आणि मग दोघांनीही योगायोग म्हणायचं सोडून दिलं. तर्री-पोह्यांच्या हातगाडीशी उभं राहून तो पुंटबद्दल बोलायचा आणि तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं की न बोलता स्वतःचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवायचा. तेवढ्यापुरती गोपिका विरघळायची. मग तो म्हणायचा, “अर्थात, पुंट सुदानकडे असणंही शक्य आहे...” आणि तिचं डोकं उठायचं.

या माणसाला काहीच पक्कं म्हणता येत नव्हतं. पाऊस येईल का? शक्य आहे. ही साडी मला शोभते का? शोभत असावी. असावी! गोपिकानं ती साडी पुन्हा म्हणून नेसली नाही.

त्याचा एक दोस्त होता, अब्दी. सोमालियाहून शेतकी शिकायला आलेला, उंच, हसरा, नागपुरी हिंदी आपल्यापेक्षा झोकात बोलणारा. एकदा चहाच्या टपरीवर तो गोपिकाला म्हणाला, “मेरी नानी कहती है, इजिप्तवाले अपने रिश्तेदार हैं. बस, बात खतम. और ये मुझसे पूछता है, सबूत क्या है? अब नानी से सबूत कौन मांगेगा, बहनजी?”

“मी कुठे नाही म्हणतो?” मोरेश्वर कळवळून म्हणाला. “शक्य आहे, एवढंच म्हणतो.”

“इसकी शादी कैसे होगी?” अब्दीनं आभाळाकडे पाहत विचारलं. गोपिकालाही नेमकी तीच काळजी लागली होती.

आणि पुढच्या ज्येष्ठात काटोलहून निरोप आला. रविवारी अचलपूरचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. घर चांगलं, मुलगा बँकेत. वडिलांच्या मनात ठरल्यातच जमा होतं. गोपिकानं मोरेश्वरला महाराजबागेत गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, “लोक चांगले असतील... शक्य आहे.”

“मोरेश्वर.” ती बाकावर त्याच्याकडे वळून बसली. “वर्ष होत आलं. तुमच्या-माझ्यात काय आहे, ते सांगा. आज सांगा.”

“तुझ्या-माझ्यात...” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सारखेपणा खूप आहे. पण सारखेपणा म्हणजे—”

गोपिका उठली. ती इतकी वैतागली होती की रडूसुद्धा धड येईना. “तुम्ही त्या पुंटातच राहा,” ती म्हणाली आणि पाण्यानं भरलेल्या खड्ड्यांतून फटाफटा चालत निघून गेली. मागून हाक येईल म्हणून फाटकापाशी थोडी रेंगाळली. हाक आली नाही.

रविवारी काटोलच्या घरात ओसरी सारवून झाली होती, कांदा चिरून झाला होता. गोपिका जरीच्या साडीत अवघडून बसली होती, इतक्यात फाटक वाजलं. पाहुणे आले म्हणून वडील, चंपतराव, टोपी सावरत उठले.

फाटकात मोरेश्वर होता, एकटाच. छातीपासून गुडघ्यापर्यंत चिखलानं बरबटलेला, आणि हातात पोत्यात बांधलेलं कसलंसं रोप.

गोपिकानं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आजच! आणि या अवतारात!

“कोण गा तुम्ही?” चंपतरावांनी विचारलं.

“मोरेश्वर गावंडे. बेशाचा. मी... गोपिकाले मागायले आलो.”

आत आईच्या हातातला झारा कढईवर आपटला. चंपतरावांनी त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. “एकटेच? घरचं वडीलधारं कोणी?”

“त्यांना आणायला पाहिजे होतं काय?” मोरेश्वरचा चेहरा पडला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणी कुणाकडे काय नेलं ते या माणसाला तोंडपाठ, आणि मागणी घालायला बाप लागतो हे ठाऊक नाही.

“अन् हे काय?”

“सालई.”

“सालई?” आता चंपतरावही वैतागले. “डोंगरावर जिकडे तिकडे तेच. बागाईतदाराच्या घरी सालई कोणी आणते काय?”

“सोमालियातल्या धुपाच्या झाडाची ही चुलतबहीण आहे,” मोरेश्वर घाईनं म्हणाला. “हे नातं सिद्ध आहे. माझ्या लहानपणापासून ती आमच्या बांधावर आहे, तिच्याच बुडाशी हे उगवलं. मी... माती सोडली नाही.”

हे शेवटचं तो चंपतरावांना म्हणालाच नाही. दारात गोपिका येऊन उभी होती.

चंपतरावांनी सवयीनं खाली बसून पोतं सोडलं आणि मातीचा गोळा बोटानं दाबून पाहिला. काटोलचा माणूस रोपाची पानं मागाहून पाहतो. “फुटला नाही,” ते जरा नरमून म्हणाले. “बसमध्ये कसं आणलं?”

“मांडीवर. सीट मिळाली नाही तेव्हा कडेवर.”

चंपतराव उठले. “पक्कं आहे काय तुमचं? का उद्या दुसरंच म्हणाल?”

गोपिकानं दाराची चौकट धरली. आता हा म्हणेल, शक्य आहे... आणि मग सगळं संपलं.

“पक्कं आहे,” मोरेश्वर म्हणाला. “तिच्यावर माझं प्रेम आहे. ते सिद्ध करायले मले कोणताच पुरावा नाही लागत.”

चंपतरावांनी मुलीकडे पाहिलं. ती जरीचा पदर खोचून उभी होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “अचलपूरवाल्यांना पोहे द्या. नाही म्हणून मी सांगते.”

“तू नको वं काही सांगू. मी पाहतो त्यांचं.” ते मोरेश्वरकडे वळले. “अन् तुम्ही पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन या. आंघोळ करून.” आणि पुटपुटत आत गेले, “सालई म्हणे...”

विहिरीमागे एक कोपरा होता, जिथे संत्रा कधी जगला नव्हता. तिथे दोघांनी खड्डा केला. मोरेश्वर जपून रोप ठेवत होता, ती माती लोटत होती. मातीखाली दोघांचे हात एकमेकांना लागले आणि कुणीच काढून घेतला नाही.

“किती त्रास देता हो तुम्ही,” ती म्हणाली. “जगेल काय हे इथे?”

“शक्य—” त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“जगेल,” तो म्हणाला.