पिवळी ओळ

म्हैसूरच्या नजरबाद पेठेतल्या भुजंगरावांनी जन्मभर थापा मारल्या आणि लोकांनी त्या गोड मानून घेतल्या. त्यांच्या पोतडीत खरी गोष्ट एकच, आणि पैज लावा, तिच्यावरच कोणी विश्वास ठेवणार नाही.

सुरुवात झाली ती त्यांच्या बायकोच्या, अंबुबाईंच्या कानांपासून. कान गेले तशा त्या माणसांत बसून एकट्या पडल्या. चार जण हसले की विचारत, "काय म्हणाले?" आणि कोणीतरी हात उडवून म्हणे, "काही नाही."

त्यांची नव्या नावाची नात एका कंपनीत यंत्राला व्हिडिओखालची अक्षरं लिहायला शिकवायचं काम करी. यंत्राला पुण्याची मराठी येई, कन्नडही येई. पण म्हैसूरच्या जुन्या फौजी घरांत दोन्हींची जी खिचडी शिजते, तिच्यापुढे ते हात टेकी. मग नव्यानं त्याला अज्जांच्याच गोष्टी ऐकवून तयार केलं. कट्ट्यावर मित्रांना सांगितलेल्या कितीतरी गोष्टी तिच्याकडे रेकॉर्ड होत्या.

ते यंत्र घातलेला टॅबलेट घरी आला. भुजंगराव बोलत तशी त्यावर पांढरी ओळ उमटे. दुसरं कोणी बोललं की पिवळी. कुकरची शिटी कंसात.

"एवढं खोटं बोलता तुम्ही?" अंबुबाई पहिल्याच संध्याकाळी हसत म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं सुम्ने, उगीचच मान डोलवत बसले." कान गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या.

एका दुपारी घरात दोघंच. भुजंगराव पणजोबांची गोष्ट सांगत होते, टी. नरसीपूरला नदीच्या पुरात घोडं घातल्याची. पांढरी ओळ, पुन्हा पांढरी ओळ. मग खाली एक पिवळी.

हूं.

भुजंगरावांनी मागे पाहिलं. खुर्ची, भिंत, सुकत घातलेला टॉवेल.

"सोपं आहे, अज्जा," नव्या म्हणाली. "कट्ट्यावर तुमचे मित्र दर वाक्याला हुंकार देतात. यंत्राला वाटतं, गोष्ट म्हटली की हुंकार आलाच." तिनं सगळे हुंकार काढून यंत्राला पुन्हा शिकवलं.

हुंकार थांबले. दोन दिवसांनी पणजोबा काळ्या घोडीवरून परत नदीत उतरले, तेव्हा पिवळी ओळ आली: मागच्या खेपेला घोडी पांढरी होती.

"हे तूच टाइप करतेस, अल्ला? हो ना?" भुजंगरावांनी नातीला धरलं. "म्हाताऱ्याची फजिती करायला?"

"मी? तुम्हीच आवाज बदलून बोलत असाल. तुमचं काय सांगावं."

दोघंही एकमेकांवर नजर ठेवू लागली. शेवटी नव्या मैत्रिणींबरोबर बैलकुप्प्याला सहलीला गेली, त्या दिवशी भुजंगरावांनी डाव साधला. इंटरनेटची वायर काढली, खिडक्या लावल्या, कडी घातली. पंखाही बंद केला, अंबुबाईंना शेजारी बसवलं. मग टॅबलेटला तोंड लावून, जवळजवळ कुजबुजत, अगदी ताजी थाप सुरू केली: लहानपणी चामुंडी टेकडीवरच्या दगडी नंदीनं आपल्यासमोर कूस बदलली. ही त्यांनी त्याच क्षणी रचली होती.

पिवळी ओळ उमटली. ही नवी आहे.

 भुजंगराव तरी बोलत राहिले, भरभर, कुठेही न थांबता.

पुन्हा पिवळी. जरा सावकाश सांगा. बाईंना वाचायला वेळ लागतो.

अंबुबाईंनी मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं." मग नवऱ्याकडे बघून विचारलं, "कोण आलंय हो?"

"काही नाही," भुजंगराव म्हणाले.

तेही अक्षरांत उमटलं. अंबुबाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीघरात असताना भुजंगरावांनी टॅबलेट बंद केला, टॉवेलात गुंडाळला आणि लोखंडी कपाटात घालून किल्ली कनवटीला लावली. हिची अक्षरं गेली तर ही परत त्या मुकाट कोपऱ्यात जाणार, हे त्यांना कळत होतं.  तरी किल्ली फिरवली.

अंबुबाई बाहेर आल्या. टेबल पाहिलं, उशीखाली पाहिलं, सोफ्याच्या फटीत हात घातला.

"माझा टॅबलेट?"

भुजंगरावांनी जुन्या सवयीनं हातवारे केले. बिघडला. नव्या घेऊन गेली. दुरुस्तीला.

अंबुबाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या.

मग बघेनाशा झाल्या.

त्यांची नजर वर सरकली, नवऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे, उभ्या माणसाचा चेहरा जिथे असेल तिथे. त्यांनी ओला पदर सारखा केला. मान जराशी कलती केली, पूर्वी, कान होते तेव्हा करायच्या तशी.

भुजंगरावांच्या कानांवर काहीच आलं नाही.

"अहो," अंबुबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ते म्हणतायत, हे खोटं आहे."