मागच्या सीटचं मत

पालमच्या बसस्टँडसमोर, सितारामच्या चहाच्या गाड्यापाशी, विरेश आपल्या नव्या एकशेसाठ सीसी गाडीचं कौतुक एका अनोळखी माणसाला सांगत होता. आणि त्याची मोठी बहीण त्रिवेणी एका हातानं कंबर धरून चहा पीत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता. पण तो अजून कुणाच्या लक्षात आला नव्हता.

अनोळखी माणसाचं नाव शंभुराज. मूळचा चारठाण्याचा, परभणीत ठिबकच्या पाइपांच्या कंपनीत नोकरी, जिल्हाभर फिरती. फिरतीतून वेळ उरला की तो मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. विषय एकच — सामान्य माणसाला परवडणाऱ्या मोटरसायकली, आणि त्या रोज चालवणाऱ्यांचं त्यांच्याबद्दलचं मत. स्वतःचं मत द्यायचं नाही, हा त्याचा नियम. चॅनलचं नाव ‘खरं सांगा’. चारेक हजार लोक बघायचे. त्यातले निम्मे चारठाण्याचे असावेत, असा त्याचा स्वतःचाच अंदाज होता.

“पिकअप?” शंभुराजनं विचारलं.

“मक्खन!” विरेश म्हणाला.

“ब्रेक?”

“मक्खन!”

“आवाज?”

विरेशनं डोळे मिटून घेतले. “साहेब, आवाजाचं काय सांगू…”

“एकदा मागं बसून बघ म्हणावं,” त्रिवेणी कपात बघत म्हणाली.

शंभुराज वळला. “काय म्हणलाव?”

“काही न्हाई.”

“न्हाई, म्हणलाव तुमी. मागं काय होतं?”

“मागं काय होणार? मागं सीटच न्हाई,” त्रिवेणीनं कप खाली ठेवला. “तळहाताएवढी गादी हाय, ती बी उतारावर. ह्यानं ब्रेक मारला की मी ह्याच्या पाठीवर. धरायला कडी न्हाई. रोज नऊ किलोमीटर शाळेत जाते मी हिच्यावर, पोरांना शिकवायच्या आधी अर्धा तास कंबर शेकावी वाटते. ह्या गाड्या काढणाऱ्यांना बहिणी नसतात का?”

शंभुराज हसला नाही. तिथंच त्यानं पहिली बाजी मारली, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. तो नुसता खजील झाला आणि म्हणाला, “दोनशे सात लोकांना विचारलंय मी आजवर. मागच्या सीटचं कुणीच बोललं न्हाई.”

“मागं बसणाऱ्याला विचारलं होतं का?”

त्यानं शर्टाला लावलेला बोटाएवढा माइक काढला, फुंकर मारून पुसला, आणि तिच्यापुढं धरला — जरा लांबूनच, जणू ती ब्रेक मारेल.

त्रिवेणीचा चेहरा व्हिडिओत नव्हता, आवाज होता. तेवढ्यानं काम झालं. आठवड्यात चाळीस हजार लोकांनी तो ऐकला. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या बायकांना, आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारलं, असं वाटलं. त्या नवऱ्यासोबत शोरूममध्ये जाऊ लागल्या आणि गाडीचा रंग बघायच्या आधी मागं चढून बसू लागल्या. सेल्समन बेजार झाले.

मग दर शनिवारचा शिरस्ता पडला. शनिवारी सकाळची शाळा. बारा वाजता त्रिवेणी मोकळी. शंभुराज कुणाची तरी गाडी मागून आणायचा, विरेश चालवायचा, त्रिवेणी मागं बसून पाच-सहा किलोमीटर जाऊन यायची आणि सितारामच्या गाड्यावर आपलं मत द्यायची.

दूधवाल्याच्या शंभर सीसीवर ती म्हणाली, “सीट लांब, सपाट. मधी एक लेकरू मावतं, मांडीवर दुसरं. ही गाडी घरदार असलेल्या माणसानं काढलीय.”

पेडगावच्या भुजंगरावांच्या सव्वाशे सीसीवर ती म्हणाली, “खताचं पोतं बसतं तर बाईला काय होतंय, असा विचार करून बनवलेली दिसते. पोत्याला पाय नसतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”

माइक बंद झाल्यावरचं बोलणं व्हिडिओत येत नसे. ते दिवसेंदिवस लांबत गेलं.

“आज उशीर केलाव.”

“पंक्चर झाली होती.”

“दर शनिवारी पंक्चर होते?”

“न्हाई…” शंभुराज बशीकडं बघत म्हणाला. “एका शनिवारी लवकर आलो होतो. दीड तास स्टँडवर बसलो. सगळे कंडक्टर विचारून गेले, कुठं जायचंय म्हणून… तवापासून उशिराच येतो.”

त्रिवेणीनं पदर सारखा केला. तो आधीच सारखा होता. विरेश गाडीच्या आरशात केस बघत होता. त्याला दुसरं काही दिसत नसे, हा त्या दोघांच्या नशिबाचा भाग.

पण यापुढं काही घडायचं तर घडणार कुठं? पालम छोटं गाव. इथं कोण कुणाच्या गाडीवर मागं कसं बसलंय, यावरून नातं कळतं. दोन्ही पाय एका बाजूला आणि हात मागच्या कडीला — बहीण. हात खांद्यावर — बायको. हात खांद्यावर आणि तोंडानं तक्रार चालू — जुनी बायको. हात कंबरेला — नवी नवरी. तिला गाव वर्षभर माफ करतं. परक्या पोराच्या मागं परकी पोरगी मात्र या यादीतच नाही. तशी बसली, तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडायच्या आत बातमी मन्मथअप्पांच्या भांड्यांच्या दुकानात.

मन्मथअप्पा म्हणजे त्रिवेणीचे वडील. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं, आणि अठरा वर्षं जुनी शंभर सीसी गाडी, जिच्याबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी दिलंही नव्हतं.

डिसेंबरात विरेशला चाकणला नोकरी लागली. गाडी घरीच राहिली. “आता शाळेला कशी जाशील?” अप्पांनी विचारलं. “एसटीनं,” त्रिवेणी म्हणाली. एसटी शाळेच्या गावात पोचायची तेव्हा शाळेचा पहिला तास संपलेला असे. अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि रविवारी तिला आपल्या जुन्या गाडीवर बसवून मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या मोकळ्या पटांगणात नेलं.

“क्लच सोड. हळू… हळू म्हणलं की!”

गाडी अकरा वेळा बंद पडली. बाराव्या वेळी चालली. पोत्यांवर बसलेल्या हमालांनी मान डोलावली. तीन आठवड्यांत त्रिवेणी विरेशची एकशेसाठ घेऊन शाळेला जायला लागली. गाव चार दिवस बघत राहिलं, पाचव्या दिवशी कंटाळलं. शनिवारी शंभुराजनं आणलेली गाडी आता चालवायला कुणी नव्हतं, म्हणून ती सितारामच्या गाड्यापुढं उभ्या गाडीवरच मागं बसून मत द्यायची.

आणि जानेवारीतल्या एका बुधवारी अप्पा जेवताना म्हणाले, “उदगीरचं एक स्थळ हाय. रविवारी येणार हायत. पोरगा चांगला म्हणायलेत.”

“कोण म्हणायलेत?”

“सगळेच.”

त्रिवेणी भाकरीचा तुकडा मोडत बसली. नको म्हणावं, तर का? एक माणूस आहे म्हणावं, तर त्यानं काय म्हटलंय? जिल्ह्यातल्या प्रत्येकाचं मत विचारत फिरणारा हा मनुष्य स्वतःचं एक मत काही देत नव्हता. चांगला म्हणत होते सगळे त्या उदगीरच्या मुलाला. आणि रविवारी सगळं चांगलंच झालं, तर पुढचा शनिवार तिचा राहणार नव्हता.

रात्रभर विचार करून सकाळी तिनं निरोप पाठवला — शनिवारी गाडी आणू नका.

शंभुराज एसटीनं आला. सवयीनं हेल्मेट मात्र बरोबर आणलं होतं. ते काखेत धरून उतरला, तेव्हा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा होता.

“चॅनलचं… थांबवायचं का?” त्यानं विचारलं.

त्रिवेणीनं गाडी सुरू केली. “बसा.”

“कुठं?”

“मागं.”

“मी?”

“एवढ्यांना विचारलंव. स्वतः कधी बसलाव?”

सितारामची चहाची गाळणी हवेतच थांबली. पोरगी पोराच्या मागं बसली तर काय समजायचं, हे गावाला पाठ होतं. पोरगा पोरीच्या मागं बसला तर काय समजायचं, याबद्दल गावाचं काहीच मत नव्हतं. आणि पालममध्ये मत बनायला किमान चार माणसं जमावी लागतात. ती जमेपर्यंत गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली होती.

दोन्ही बाजूंना कणसं निसवलेली ज्वारी, मधूनच करडईचा पिवळा पट्टा. दुपारचं ऊन असूनही वारा गार. शंभुराजला हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्यानं ते आपल्याच गुडघ्यांवर ठेवले.

पहिला गतिरोधक आला.

“मागं सरका,” त्रिवेणी म्हणाली.

“सरकलो होतो… सीटच परत पुढं आणायलीय.”

“मग मी काय सांगत होते?”

“खरं हाय… लय खरं हाय.”

गावात दोन माणसांना निवांत बोलायला जागा म्हणून नाही. चालती गाडी तेवढी सुटलेली. बोललेलं वारा घेऊन जातो, आणि मोठी सोय म्हणजे एकमेकांचं तोंड दिसत नाही. त्रिवेणीनं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

“उद्या उदगीरचे पाहुणे यायलेत.”

“कशाला?”

“मला बघायला.”

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, गेला. त्याची धूळही खाली बसली.

“काय करतात?” मागून आवाज आला.

“कापडाचं दुकान.”

“…गाडी कोणती हाय त्यांच्याकडं?”

त्रिवेणीनं करकचून ब्रेक मारला. शंभुराज आख्खा तिच्या पाठीवर आला.

“माफ करा!”

“ब्रेक मी मारलाय. एवढंच विचारायचंय तुमाला?”

गाडी पुन्हा चालू लागली. इंजिनचा आवाज, विरेश म्हणायचा तसा, खरंच चांगला होता.

“मी मत देत न्हाई,” शंभुराज हळूच म्हणाला. “चॅनलचा नियम…”

“आत्ता चॅनल बंद हाय. माइक बी न्हाई.”

“त्रिवेणी…” त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं. “एक शनिवार हुकला की माझा पुढचा आठवडा सरत न्हाई. मी फिरती सारखी पालमचीच लावायलोय. साहेबानं विचारलं, पालमला येवढं ठिबक कुठंय म्हणून… काय सांगू त्याला? उद्याचे पाहुणे नको यायला. मला तुमी पाहिजेत. म्हणजे… तुमाला मी चालत असंल तर.”

करडईचा पट्टा संपला, पुन्हा ज्वारी लागली. हेल्मेटच्या आत त्रिवेणीचे कान तापले होते. ते दिसत नाहीत, याबद्दल तिनं हेल्मेटचा शोध लावणाऱ्याचे मनातल्या मनात आभार मानले.

“सीट कशी हाय?” तिनं विचारलं.

“वाईट. लय वाईट.”

“उतरता का?”

“न्हाई.”

तिनं गाडी वळवली. गावाबाहेरचा पूल दिसू लागला तसा शंभुराज चुळबुळला. “मला पुलापाशी सोडा. मी मागून चालत येतो. तुमच्या नावाचा उगं बोभाटा…”

“पुलाच्या पुढं गाडी थांबली तर अप्पांच्या दुकानापुढं थांबंल,” त्रिवेणी म्हणाली. “मधी न्हाई. उतरायचं असंल तर हाच पूल हाय.”

तिनं वेग कमी केला. इतका, की म्हाताऱ्या माणसालाही सहज उतरता यावं. पूल आला, संथपणे पायाखालून गेला. मागं काही हलल्याचं तिला जाणवलं नाही. मागं बघण्याची तिची हिंमत नव्हती. पूल संपला… आणि गतिरोधकावर पाठीला त्याचा धक्का लागला. आहे. तिनं गिअर बदलला.

बातमी दुकानात आधीच पोचली होती, पण अर्धवट. त्रिवेणीच्या मागं कुणीतरी बसलंय, एवढंच कळल्यामुळं, शाळेतल्या कुण्या बाई असतील, असं धरून मन्मथअप्पा पितळी घागर पुसत होते. गाडी दारात थांबली. उतरल्या त्या बाई नव्हत्या.

“हे कोण?”

“शंभुराज. चारठाण्याचे, ठिबकवाले,” त्रिवेणी म्हणाली. तिनं हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. “अप्पा, उद्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा.”

बाजूच्या तीन दुकानांतलं गिऱ्हाईक एकदम कमी झालं; ते सगळं इकडं उभं होतं. अप्पांनी घागर खाली ठेवली.

“तुमाला गाडी येत न्हाई का?” त्यांनी शंभुराजला विचारलं.

“येते की.”

“मग हिच्या मागं?”

“त्या बसा म्हणल्या.”

“आन् बसलाव?”

“हो.”

“बाजारातून असेच आलाव? सगळ्यांसमोर?”

“त्या म्हणल्या होत्या, पुलावर उतरायचं तर उतरा… मी न्हाई उतरलो.”

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. पोरगी नजर खाली घालत नव्हती. मग ते फोन घेऊन आत वळले. आतून त्यांचा आवाज बाहेर येत होता. “नमस्कार पाहुणे… उद्याचं राहू द्या. न्हाई न्हाई, तब्येती ठणठणीत हायत सगळ्यांच्या… आमच्या पोरीचं जमलंय… हां, आत्ताच. आत्ताच कळलं मला बी.”

शंभुराज अजून हेल्मेट घालूनच उभा होता. हनवटीखालचा खटका घामेजल्या बोटांना काही निघेना.

“वर बघा,” त्रिवेणी म्हणाली.

त्यानं मान वर केली. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, तिनं त्याच्या गळ्यापाशी हात नेला, खटका दाबला आणि हेल्मेट उचलून घेतलं. केस सगळे उभे, कपाळावर वळ, आणि चेहरा असा, की तिला हसू आवरेना.

“दम घ्या,” ती हळूच म्हणाली.