एक पावसाळा जाऊ दे

"माझं पाणी!" ती ओरडली.

"आणि माझा पाय?" तो म्हणाला.

दोन्ही एकाच खड्ड्यात होते.

शहराच्या कडेच्या त्या मोकळ्या माळावर नवी वसाहत उभी राहायची होती. तिचा आराखडा करणारा तो. दोन्ही हातांत नकाशा पसरून, हा रस्ता इथून जाईल, तो तिथून वळेल असं पुटपुटत उलट्या पावलांनी मागं सरकत होता. आणि ती जमिनीतलं पाणी तपासणारी. सकाळपासून एका खड्ड्यात पाणी भरून, काठाशी पट्टी रोवून, ते किती हळू मुरतं ते बघत बसली होती. माळ केवढा, खड्डा केवढासा... तरी त्याचा पाय नेमका तिथंच पडला.

"हलू नका," ती म्हणाली.

"का? मोडलाय का?"

"पाय नव्हे. तुम्ही हललात की गाळ ढवळतो आणि मला पट्टीवरचा आकडा दिसत नाही."

मग तो खरंच हलला नाही. एक पाय पाण्यात, एक बाहेर. नकाशाची सावली डोक्यावर धरून उभा राहिला, तीही अशी की निम्मी तिच्या डोक्यावर पडावी. तिनं वाकून आकडा पाहिला आणि मान हलवली.

"वाया गेलं?"

"पुन्हा भरावं लागेल. पुन्हा पहिल्यापासून."

"मग उद्या बादल्या मी उचलतो. नुकसानभरपाई."

"उद्या खाली बघून चाला, तेवढी भरपाई पुरे."

तो हसला. पाय बाहेर काढताना बुटातून फसकन् पाणी उडालं, आणि मग तिलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो बादल्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बादल्यांचं काम नव्हतं, तरी आला. मुकादम लांबूनच ओरडायचा, "साहेब, रस्ते इकडं आखायचेत! तिकडं नुसतं पाणी आहे!" आणि हा हात हलवून म्हणायचा, "पाण्याला विचारूनच आखतोय!"

माळावर तिनं ठिकठिकाणी उभ्या नळ्या पुरल्या होत्या. खाली पाणी किती खोल आहे ते त्यातून कळायचं. टेपच्या टोकाला बांधलेलं छोटं वजन नळीत सोडायचं आणि कान देऊन ऐकायचं. वजन पाण्याला टेकलं की 'टप्' असा आवाज येतो. इतका बारीक, की बाजूला कोणी बोललं तरी हुकतो. एकदा तिनं टेप त्याच्या हातात दिली. दोघं नळीवर वाकली. त्याचे केस वाऱ्यानं तिच्या कपाळाला लागत होते. तिनं डोकं मागं घेतलं नाही...

"आला!" तो कुजबुजला.

"नाही आला. तो तुमच्या घड्याळाचा."

"मग हा?"

"हो... हा."

आवाज येऊन गेला होता, तरी दोघं थोडा वेळ तशीच वाकून राहिली.

त्यानंतर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो तिला रस्ते दाखवायचा. त्याचे सगळे रस्ते थोडे वळणारे असायचे. "सरळ रस्त्यावर माणूस फक्त पोचतो," तो म्हणायचा, "वळणावर त्याला कोणीतरी भेटतं." ती म्हणायची, "खड्ड्यातही भेटतं." असं चाललं होतं.

उन्हाळा संपत आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर नकाशा पसरलेला होता. त्यानं एका गल्लीच्या टोकावर पेन्सिल टेकवली.

"हे घर कंपनी मला देणार आहे. स्वयंपाकघराची खिडकी मी मोठी केलीय. पूर्वेला."

"छान आहे."

"तू राहशील तिथं?" तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे... माझ्याबरोबर म्हणतोय मी."

तिच्या छातीत काहीतरी टप् वाजलं. उत्तर तिथंच होतं, अगदी वर आलेलं. पण एकाच मोजणीवर निकाल द्यायचा नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"एक पावसाळा जाऊ दे."

"जमिनीसाठी ठीक आहे. माझ्यासाठीसुद्धा?"

"कोरड्यात सगळीच जमीन चांगली वाटते रे."

तो हसला. जरा उशिरा हसला. "बरं," म्हणाला, आणि नकाशाची गुंडाळी करू लागला.

घरी आईला सांगितलं, तर आईनं कपाळाला हात लावला. "दूध उतू जातंय का, हेही तू तीनदा बघून ठरवशील बाई! तोवर गॅस विझलेला असतो."

"आई, आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते."

पाऊस आला, आणि सुरुवातीची नवलाई ओसरून नुसता पडत राहिला. ती रोज रेनकोट घालून नळ्यांपाशी जायची. उत्तरेच्या सखल भागात पाणी वर वर येत गेलं, आणि एका सकाळी तिथं टेप सोडायची गरजच उरली नाही. पाणी गवतातून चकाकत होतं. त्याच जागी त्यानं चार गल्ल्या आखल्या होत्या. सर्वांत देखण्या, सर्वांत वळणदार.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. "या गल्ल्या काढाव्या लागतील."

त्यानं वाद घातला नाही. छत्री तिच्या हातात दिली, पाण्यात उतरला, काठाकाठानं भिजत सगळा भाग फिरून आला. मग कंपनीच्या साहेबांशी आठवडाभर भांडला. इथं घर घेणाऱ्याच्या पलंगाखाली बेडूक ओरडतील, असं भर बैठकीत म्हणाला. शेवटी गल्ल्या गेल्या, आणि तिथं मोकळं कुरण आणि तळं ठेवायचं ठरलं.

त्या संध्याकाळी तो शेडमध्ये चहाचे दोन कप घेऊन आला. शर्ट पाठीला चिकटलेला, आवाज बसलेला.

"पातळी काय म्हणते?"

"अजून चढतेय."

"आणि... दुसरी?"

तिला आपलं उत्तर माहीत होतं. त्या क्षणी तर त्याच्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघून इतकं स्पष्ट माहीत होतं, की आणखी कशाचीच गरज नव्हती. पण मनात आलं, ठरलंय तर पुरतं होऊ दे. पाऊस संपेल, मग निवांत, नीट सांगू. सांगण्यातही एक गंमत असते.

"पाऊस थांबू दे ना," ती हसून म्हणाली.

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला.

पाऊस थांबला. मग तिला वाटलं, पाणी उतरतं कसं तेही बघायला हवं. ते उतरत राहिलं. गल्ल्यांमधून खडी पडली, दिव्याचे खांब उभे राहिले, पहिल्या घरांना रंग लागला. शेवटच्या नळीचं काम ज्या दिवशी संपलं, त्या दिवशी ती मुद्दाम निळा कुर्ता घालून निघाली. आईनं दारातूनच विचारलं, "आज?" आणि ती लाजून म्हणाली, "आज."

तो नव्या रस्त्यावर कडेचे दगड तपासत उभा होता.

"माझं काम झालं," ती म्हणाली. "दोन्ही कामं झाली. माझं उत्तर हो आहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला होता... खरंच आला होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत विझला.

"रविवारी ताईनं एक मुलगी दाखवली," तो हळू म्हणाला. "ताई वर्षभर मागं लागली होती. मी होकार दिला."

लांब कुठंतरी खडीवर फावडं घासल्याचा आवाज येत होता.

"रविवारी?"

"आणि तिनं संध्याकाळीच कळवलं. तिचाही हो."

"पण मी... मी थांब म्हटलं होतं ना तुला?"

"दोनदा म्हटलंस. मला वाटलं, मला दुखवायचं नाही म्हणून तू नाही म्हणत नाहीयेस."

"नाही म्हणायचं असतं तर त्याच दिवशी म्हटलं असतं. मला हो म्हणायलाच वेळ लागतो."

"हे मला कसं कळणार गं?"

तिनं बुटाच्या टोकानं पायाखालची खडी सरकवली. मग म्हणाली, "खड्ड्यात पाय घालून उभा होतास ना, हलू नका म्हटल्यावर... तेव्हाच कळलं होतं मला."

"तेव्हाच?" त्याचा आवाज चिरकला. "मग एवढं काय मोजत होतीस?"

"खात्री करत होते."

त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा वळला तेव्हा डोळे लाल होते. "मी बोलू का तिच्याशी? अजून कुठं काही झालंय... मी तिला सांगू शकतो—"

एका मुलीनं संध्याकाळी होकार कळवला होता. कदाचित धावत जाऊन फोन उचलला असेल. जे करायला हिला वर्ष पुरलं नाही, ते तिनं मन मोकळं ठेवून एका दिवसात केलं होतं.

"नको," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "आज मात्र लगेच उत्तर दिलंस."

"हो."

दोघंही हसायला गेली. जमलं नाही. त्यानं हात पुढं केला, तिनं तो दोन्ही हातांत धरला, आणि सोडला.

मोठ्या रस्त्याकडे जाताना एका घरासमोर टेम्पो उभा होता. आत गाद्या, एक शिलाई मशीन, उलटी ठेवलेली खुर्ची. कडेवर बाळ घेतलेली एक बाई तिच्याजवळ आली.

"ताई, इथं पावसाचं पाणी घरात शिरत नाही ना हो? आधीच्या घरात फार सोसलंय आम्ही."

"नाही शिरणार. निर्धास्त राहा."

बाईचा चेहरा खुलला. बाळाला वर सरकवत तिनं विचारलं, "तुम्ही पण इथंच राहता का?"

तिनं गल्लीच्या टोकाच्या घराकडे, पूर्वेच्या त्या मोठ्या खिडकीकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "माझं इथं काम होतं. ते झालं."